पाच बदामांवरचा पास

सासूबाईंची ब्रिजमधली जोडीदारीण मुलाकडे कायमची राहायला गेली, तेव्हा क्लबाची वार्षिक जोडी-स्पर्धा अगदी तोंडावर आली होती. मोकळे खेळाडू उरले होते तीन. एकाला कमी ऐकू यायचं, दुसऱ्याला फक्त स्वतःचंच ऐकू यायचं, आणि तिसऱ्याची सासूबाईंच्या समोर बसायचं म्हटलं की कंबर धरायची.

"मग ह्याला घेऊन जा की," त्यांची मुलगी म्हणाली. ती दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड बोलण्याच्या अवस्थेत नसताना निर्णय घेऊन टाकायची तिला सवयच होती. "कॉलेजात परीक्षा सोडून ब्रिज खेळायचा हा."

हा म्हणजे तिचा नवरा. त्याच्या तोंडात तेव्हा घास होता, आणि तो गिळेपर्यंत सासूबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळून घेतलं होतं.

"बोली कुठल्या पद्धतीनं लावता, जावईबापू?"

"नेहमीच्याच."

"नेहमीच्या म्हणजे?"

"म्हणजे... हातात असेल तेवढंच बोलायचं."

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं चुकलं नव्हतं. सासूबाईंनी उभी हयात पोहण्याची कोच म्हणून काढली होती. आधी पाण्यात उडी, मग शंका, ही त्यांची शिकवण्याची रीत, आणि क्लबात सगळे त्यांना कोचबाईच म्हणत. जावई होता लिफ्ट इन्स्पेक्टर. उंच इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत उकिडवं बसून पोलादी दोराची एकेक तार तो बॅटरीच्या उजेडात तपासायचा. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, आणि गाडीत बसल्यावर उतरून परत एकदा ओढून बघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासू-जावयाचं बोलणं "तब्येत बरी ना?" आणि "काम काय म्हणतंय?" ह्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. दोघं एकमेकांशी इतक्या अदबीनं वागत, की एका सोफ्यावर बसले तरी मधे तिसरा कुणी बसलाय असं वाटावं.

सराव सुरू झाला जेवणाच्या टेबलावर. सासरेबुवांना पत्त्यांचं वावडं, ते एक पुस्तक घेऊन गॅलरीत पळून जात. मुलगी मात्र येता-जाता डोकवायची.

"ह्यात एवढं काय आहे ते मला एकदा सांगा तरी," ती एकदा म्हणाली.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या. "तेरा पत्ते प्रत्येकाला. म्हणजे तेरा हात. त्यातले आम्ही दोघं मिळून किती हात जिंकणार हे आधी बोली लावून सांगायचं, मग करून दाखवायचं. पहिले सहा हात धरलेलेच; तीन इस्पिक बोललं म्हणजे इस्पिक हुकूम आणि नऊ हात. कमी बोललं तर गुण कमी. जास्त बोललं आणि हात झाले नाहीत, तर गुण समोरच्यांना."

"मग त्यात नशीबच आलं. चांगले पत्ते आले की जिंकले."

"तीच तर गंमत आहे," जावई म्हणाला. "ह्या स्पर्धेत नशिबाला बोल लावता येत नाही. एकदा वाटलेले पत्ते तसेच्या तसे ट्रेमध्ये घालून टेबलावरून टेबलावर फिरवतात. मी ज्या खुर्चीत बसतो, त्या खुर्चीचे पत्ते सगळीकडे तेच. फुटके पत्ते मला आले तर इतरांनाही फुटकेच येणार. त्यांच्यापेक्षा मी त्यांचं काय बरं केलं, एवढंच मोजायचं."

"छान. म्हणजे बहाणाच उरला नाही," मुलगी म्हणाली आणि दात घासायला गेली.

बहाणा उरला नव्हता हे खरंच. सरावात जावयाचा दोष पहिल्याच दिवशी उघडा पडला. दहा हात दिसत असले तर हा नऊ बोलायचा आणि अकरा करायचा.

"जावईबापू, काठ धरून कुणी शर्यत जिंकल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

"आई, लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं लिहिलेली असतात ना, तिथे दोर कितीतरी जास्त माणसांचा असतो. म्हणून तर लिफ्ट पडत नाही."

"हो, पण आठ माणसं तरी आत बसतात! तुम्ही चार घेऊन दार लावता."

सासूबाईंचा दोष नेमका उलटा होता, पण तो सांगायची जावयाची प्राज्ञा नव्हती. त्या सहा पत्ते बरे दिसले की हुरळायच्या. जावई मान खाली घालून पत्ते पिसायचा, आणि गॅलरीतून सासरेबुवांचा आवाज यायचा, "बुडाली का?"

स्पर्धेच्या दिवशी क्लब गजबजला होता. क्लब म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचा लांबलचक हॉल. पॉलिशचा वास जिन्यातून वर येऊन पडद्यांत मुरलेला. हिरव्या कापडाची टेबलं, प्रत्येक खुर्चीपाशी बोलीच्या चिठ्ठ्यांची पेटी. बोली तोंडानं लावायची नाही, पेटीतली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवायची, कारण माणसाचा आवाज चुगली करतो. स्पर्धेचे पंच होते जनावरांचे एक डॉक्टर. त्यांचा धीर दांडगा होता, आणि भांडणारी माणसं त्यांना चावऱ्या कुत्र्यांपेक्षा सोपी वाटत.

सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र, दोन्ही मिळून निकाल. पहिल्याच डावात जावयानं तीनवर पास केला आणि दहा हात झाले. बाकी सगळी टेबलं चारवर होती. सासूबाईंनी पत्ते ट्रेमध्ये परत घातले आणि पाण्याचा घोट घेतला. दोन डाव झाले, आणि सासूबाईंनी स्वतःच पाच किलवरात उडी मारली. पाण्यात दगडच होते. तीन हात कमी पडले, वर समोरच्यांनी डबल म्हणून दंड दुप्पट केला.

जावयाचा चेहरा दोर तुटताना पाहिल्यासारखा झाला होता.

"तोंडानं बोला हवं तर," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, नाही. एक माझी, एक तुमची. फिट्टंफाट झाली."

त्यांना हसू फुटलं, आणि तिथून गाडी जरा रुळावर आली. सकाळच्या शेवटच्या फेरीला ते जाऊन पोचले चष्मेवाल्या बंधूंच्या टेबलावर.

दोघं भाऊ चष्म्याचं दुकान चालवत. क्लबातली ही सगळ्यात बळकट जोडी. थोरला गोरापान, स्थिर, पत्ते असे धरायचा की जणू त्याला त्यांच्याशी काही देणंघेणंच नाही. धाकटा बडबड्या, पण पत्ते हातात आले की तोही मुका व्हायचा. थोरला सासूबाईंच्या डाव्या हाताला बसला होता, धाकटा जावयाच्या.

त्या डावात सासूबाईंच्या हातात सहा इस्पिक होते, एक्का-राणी-गुलामासकट, आणि बदामाचं एकच पान. त्यांनी एक इस्पिक बोलली. थोरल्यानं दोन बदाम ठेवले. जावयानं तीन इस्पिक म्हणून दुजोरा दिला. धाकटा चार बदामांवर गेला, सासूबाई चार इस्पिकांवर. थोरल्यानं क्षणही न दवडता पाच बदामांची चिठ्ठी ठेवली.

पाळी जावयाची.

जावयाकडे इस्पिकचा राजा होता, बदामाचा एक्का होता. पाच इस्पिक बोलावी? की डबल करून भावांना दंड लावावा? की गप्प बसावं? त्यानं पेटीकडे हात नेला, मागे घेतला. पत्ते उलगडले, मिटले. परत हात नेला. छतावरचा पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकत होतं, आणि ह्याचं आपलं तारा तपासणं चाललेलंच. शेवटी त्यानं पासची हिरवी चिठ्ठी काढून ठेवली.

धाकट्यानंही पास केला. आता सासूबाई.

सासूबाईंना पाच इस्पिक बोलायची होती. हे त्यांना थोरल्यानं चिठ्ठी ठेवली तेव्हापासूनच वाटत होतं. पण आता समोरून जे झालं ते त्यांनी पाहिलं होतं. ज्याच्याकडे काही नाही, तो इतका वेळ विचार करत नाही. जावयाच्या त्या थांबण्यातून त्यांना कळलं होतं की त्याच्याकडे चांगले पत्ते आहेत. आणि ब्रिजमध्ये जोडीदाराच्या चिठ्ठीतून कळेल तेवढंच आपलं; त्याच्या चेहऱ्यावरून, हातावरून, घुटमळण्यावरून जे कळतं ते वापरायचं नाही. पास करणंही त्या हातावर शहाणपणाचंच होतं, मग तेच करणं आलं.

त्यांनी पास केला.

पाच बदाम एका हातानं पडले. सासूबाईंच्या बाजूला पन्नास गुण मिळाले. थोरल्यानं चारही हातांचे पत्ते बघितले आणि मान हलवली. पाच इस्पिक बिनघोर झाली असती आणि त्यांचे साडेचारशे मिळाले असते. जवळजवळ प्रत्येक टेबलावर तसंच घडलं होतं. त्या डावात सासू-जावयाची जोडी सर्वांत शेवटी होती.

जेवणाच्या सुट्टीत जावई जिन्याच्या वळणावर उभा होता. हातात डबा, पण झाकण काही उघडेना.

"आई, सहा इस्पिक होते तुमच्याकडे."

"होते."

"मग पास? तुम्ही? मला तर वाटलं, तुम्ही आता सातवर जाताय."

"तुम्ही विचार करत बसलात ना."

"म्हणजे माझ्यामुळे..." तो बोलता बोलता थांबला. त्याला आत्ता उमगलं. "अहो, पण तुम्ही तसंही बोलणारच होतात! आधीच ठरवलं होतं ना?"

"ठरवलं होतं. पण ते मला माहीत. समोरच्या दोघांना कसं कळणार? आणि खरं सांगू का, मलाही आता काय ठाऊक, मी आधीच ठरवलं होतं की तुमचा हात पेटीकडे गेल्यावर ठरवलं? माणूस स्वतःशी फार लबाड असतो. शिट्टी व्हायच्या आधी पाण्यात पडलेल्या पोराला मी शर्यतीतून बाहेर काढायची. पाय घसरला म्हणून रडायचं बिचारं. घसरलाही असेल. पण बाहेर म्हणजे बाहेर."

"पंचांना कुणी बोलावलं नसतं, आई. भाऊ काही बोलले नसते."

"म्हणूनच तर!" सासूबाई एकदम उसळल्या. "कुणी बोलावणार असतं तर मग त्यात माझं काय मोठेपण? आणि तू असा खांबासारखा उभा राहून माझी कीव करू नकोस, डबा उघड आधी!"

जावई बघतच राहिला. इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"म्हणजे... उघडा," त्या म्हणाल्या.

"पहिलंच बरं होतं," तो म्हणाला आणि डबा उघडला.

जिन्याच्या पायरीवर बसून दोघांनी जेवण केलं. खालून फर्निचरवाल्याच्या करवतीचा आवाज येत होता. सासूबाई घासागणिक शिकवत होत्या. "विचार करायला कुणाची ना नाही. पण तो आधी करून ठेव. मी चार इस्पिक ठेवली, तेव्हाच मनाशी म्हण: तो पाचवर गेला तर मी काय करणार? त्यानं पास केला तर काय? आपली पाळी येईपर्यंत उत्तर तयार पाहिजे. लिफ्ट तपासतोस ती माणसं आत बसायच्या आधी की बसल्यावर?"

जावयाचा घास हातातच राहिला. "आई, हे तुम्ही पंधरा दिवस आधी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. अदबीनं कुणाला काही शिकवता येतं का?"

मग जावयानंही तोंड उघडलं. पाच किलवराची गोष्ट त्याच्या घशात सकाळपासून अडकली होती. "मग मीही एक सांगू? सहा पत्ते बरे दिसले म्हणून उडी मारायची नाही. मी दोनदा पास केला होता. माझ्याकडे काही असतं तर मी पास केला असता का?"

"तुझा पास कोण खरा मानणार? तू दहा हात असले तरी पास करतोस."

"आजपासून खरा माना."

"बघते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या डब्यातली शेवटची पोळी न विचारता उचलली.

दुपारी जणू दुसरीच जोडी खेळायला बसली. जावई आपली पाळी यायच्या आत ठरवून मोकळा होत होता. चिठ्ठी एका लयीत येत होती, हलक्या हातावर आणि भारी हातावर सारखीच. त्याचा पास खरा निघतोय म्हटल्यावर सासूबाईंनीही काही उड्या गिळल्या. एका डावात तर त्यांनी दोन चौकटींवर चक्क गप्प बसून दाखवलं, आणि समोरची जोडी आपणहून खड्ड्यात गेली. पंच मधूनमधून येऊन बघून जात. एकदा ते जावयाच्या कानाशी वाकून म्हणाले, "कोचबाईंना औषध काय दिलंत?"

शेवटच्या फेरीला परत बंधू. थोरल्याच्या शांतपणावरून ते पुढे आहेत हे दिसतच होतं, आणि धाकट्याच्या बडबडीवरून सासू-जावईही फार मागे नाहीत हे कळत होतं.

शेवटून दुसरा डाव. जावयानं पत्ते उचलले. बदाम पाच: राजा, नव्वी आणि खाली तीन किरकोळ. चौकटही पाच, वरून एक्का-राजा-राणी. किलवरचा एक्का आणि एक चव्वी. इस्पिकचं एकच पान. त्यानं एक बदाम म्हटलं. सासूबाईंनी तीन बदाम ठेवले. म्हणजे बदाम चार आहेत, पत्ते बरे आहेत, तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर चारवर जा.

सकाळचा जावई चारवर गेला असता आणि देवाचे आभार मानत पत्ते पसरले असते. पण थोरल्याची पाळी चालू असतानाच ह्यानं हिशेब मांडला होता. सासूबाईंकडे उरलेले दोन एक्के असतील, तर इस्पिक नाही जात, किलवर नाही जात, चौकट आपली आपण पळते. जायचाच तर हुकमातला एखादा हात. तेरातले बारा हात. बारा हातांची बोली म्हणजे स्लॅम. ती जमली तर मोठं बक्षीस, हुकली तर सगळंच गेलं. त्यानं चार नो-ट्रंपची, म्हणजे बिनहुकमी खेळाची, चिठ्ठी ठेवली. पण इथे ह्या बोलीचा अर्थ एकच: एक्के किती?

सासूबाईंच्या भुवया कपाळात गेल्या असत्या, पण त्यांनी त्या जागच्या जागी धरून ठेवल्या. दोन, त्यांनी चिठ्ठीनं सांगितलं.

जावयानं सहा बदाम ठेवले.

सगळे पास. धाकट्यानं इस्पिकचा राजा टाकला, आणि सासूबाईंनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. इथून पुढे दोन्ही हात जावयानंच खेळायचे. सासूबाईंना आता नुसतं बघत बसायचं होतं, आणि बघत बसण्याचा त्यांना जन्मभराचा तिटकारा.

मांडलेल्या पत्त्यांत इस्पिकचा एक्का होता, त्यानं पहिला हात घेतला. हुकूम बदाम: समोर एक्का, दश्शी आणि दोन लहान, हातात राजा, नव्वी आणि तीन लहान. बाहेर चारच बदाम होते, त्यात राणी आणि गुलाम.

सरळ रस्ता समोर दिसत होता. राजा लावायचा, एक्का लावायचा. ते चार बदाम दोन्ही भावांत दोन-दोन असले तर राणी-गुलाम दोन्ही गळून पडतात आणि तेराच्या तेरा हात. एका हाताचे जास्तीचे गुण. अशा स्पर्धेत त्या एका हातासाठी लोक जीव टाकतात, कारण तेवढ्यानंच दहा जोड्या मागे पडतात.

पण चारही बदाम एकाच भावाकडे असले तर? तर दोन हात जातील आणि स्लॅम कोसळेल.

अशी वाटणी क्वचितच होते. पण क्वचितच तुटणाऱ्या गोष्टींवर तर त्याचं पोट होतं. त्यानं विचार केला: बहुतेक टेबलं चारवर थांबली असणार. सहावर येऊनच आपण सगळ्यांच्या पुढे गेलोय. आता तेराव्याचा मोह कशाला? बारा पक्के करायचे. एक हात जाऊ दे, पण दुसरा काही केल्या जाता कामा नये.

त्यानं समोरच्या पत्त्यांतून लहानसा बदाम मागितला. उजवीकडे बसलेल्या थोरल्यानं डोळ्याची पापणीही न हलवता तिर्री टाकली. जावयानं राजा हातातच ठेवला आणि नव्वी खेळला.

सासूबाईंनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. डावीकडे एखादा गुलाम नाहीतर राणी असली, तर ती ही नव्वी सहज खाणार होती.

धाकट्यानं पत्ते चाळले. मग त्यानं एक इस्पिक टाकला. त्याच्याकडे बदाम नव्हतेच.

चारही बदाम थोरल्याकडे होते. राणी आणि गुलाम दोन्ही त्याच्या हातात, आणि ती नव्वी त्यांच्या नाकाखालून हात घेऊन गेली. पुढे एक्का आणि राजा लावल्यावर थोरल्याकडे एकटी राणी उरली. तिनं तिचा एक हात घेतला. बाकी बारा जावयाचे.

"कमाल आहे," धाकटा म्हणाला. "राणी-गुलाम हातात घेऊन बसला होतास, दादा! डबल तरी करायचास!"

"डबल केलं असतं तर ह्यांना कळलं नसतं का, बदाम कुठे आहेत ते?" थोरला म्हणाला. मग जावयाकडे वळून म्हणाला, "तुम्हाला तसंही कळलं. कसं?"

"कळलं काहीच नव्हतं," जावई म्हणाला. "म्हणून तर तसं खेळलो."

सासूबाईंनी तोवर श्वास सोडला होता. टेबलाखालून त्यांनी जावयाच्या पायावर एक लाथ मारली. शाबासकीची असावी, पण चांगली सणसणीत होती.

शेवटचा डाव साधासुधा झाला. थोड्या वेळानं पंचांनी निकाल वाचला. पहिले चष्मेवाले बंधू. दुसरे कोचबाई आणि जावई. पहिल्या दोन जोड्यांमधलं अंतर इतकं बारीक होतं, की धाकटा भाऊ उठून निकालाच्या कागदापाशी गेला आणि बोट ठेवून परत वाचून आला. त्या पाच बदामांवर सासूबाईंनी पाच इस्पिक म्हटली असती तर निकाल उलटा लागला असता. हे गणित टेबलावरच्या चौघांनाही करता येत होतं.

थोरला मुद्दाम सासूबाईंपाशी आला. "कोचबाई, सकाळी हातात सहा इस्पिक असून तुम्ही पास केलात."

"केला."

"ह्यांनी विचार केला म्हणून?"

"मग काय, हौस म्हणून?"

थोरल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तुमच्या जागी असतो तर..." त्यानं दोघांशी हस्तांदोलन केलं आणि कोट घ्यायला गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या दोघांचं जुंपलं ते दुसऱ्याच एका डावावरून. स्लॅमचं कौतुक दोन चौकांत संपलं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की तीन नो-ट्रंपमध्ये त्यानं चौकट आधी सोडवायला हवी होती. त्याचं म्हणणं होतं की मग किलवर अडकला असता. आवाज चढले. शेवटी पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेऊन, जावयानं डिकीतून पत्ते काढले आणि बॉनेटवर चारही हात मांडले. वारा सुटला होता, म्हणून सासूबाईंनी प्रत्येक हातावर एकेक नाणं ठेवलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"कुठे आहात? जिंकलात की हरलात?"

"दुसरे आलो," जावई म्हणाला. "थांब जरा, तुझ्या आईला पटवतोय."

"मी पटवतेय त्याला!" मागून आवाज आला.

"भांडताय?" मुलीनं घाबरून विचारलं. तिनं ह्या दोघांना चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

"छे गं," सासूबाई फोन हिसकावून म्हणाल्या. "बोलतोय. तुम्ही दोघं जेवून घ्या."

त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. चौकट आधी सोडवायला हवी होती. जावयानं मान्य केलं, पण एका अटीवर, की आठव्या डावातल्या तीन बदामांच्या उडीवर त्यांनीही कबुली द्यावी. ती त्यांनी दिली नाही ती नाहीच.

त्यानंतरच्या आठवड्यात जावई एका इमारतीच्या गच्चीवर काम करत असताना थोरल्या भावाचा फोन आला. चौघांच्या टीमची एक मोठी स्पर्धा होती, आणि बंधूंना दुसरी जोडी हवी होती. तुम्ही आणि कोचबाई याल का, असं त्यानं विचारलं. जावई म्हणाला, आईंना विचारून सांगतो.

"त्यांना विचारूनच तुम्हाला फोन केलाय," थोरला म्हणाला. "त्या म्हणाल्या, तो हो म्हणतो म्हणून समजा, आणि तालमीला रविवारी दोघं भाऊ घरीच या."

"अस्सं," जावई म्हणाला, आणि तेलाचे हात पुसत त्यानं रविवारी किती खुर्च्या लागतील ते मोजायला सुरुवात केली.